बारी, कठडा, बॅरिकेड

कन्नडला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन घाट उतरून चाळीसगावला. त्यामुळे तालुक्यात रेल्वेचं फाटक तेवढं बघायला मिळत नाही. बाकी माणसं आणि वाहनं अडवायचे महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे प्रकार इथे एका दिवसात पाहून होतात. छत्रपती संभाजीनगरकडून येताना टोलचा नाका. गावात बाजाराच्या दिवशी रस्त्यात आडवं लावलेलं पोलिसांचं पिवळं बॅरिकेड. गौताळा अभयारण्याच्या तोंडाशी वनखात्याची चौकी आणि तिचा वर-खाली होणारा आडवा दांडा. औट्रम घाटात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या कन्नड घाटात, दरीच्या बाजूला संरक्षक कठडे. ३१ ऑगस्ट २०२१च्या पावसात याच घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद झाला. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं ऑगस्ट २०२३पासून जड वाहनांना घाटात मज्जाव झाला, म्हणजे घाटाच्या दोन्ही टोकांना आणखी एक अडवणूक आली.

या सगळ्यांना एकच शब्द कोणी वापरत नाही. टोलवर नाका, जंगलात चौकी, घाटात कठडा, बाजारात बॅरिकेड. नावं वेगळी, कारण कामं वेगळी. नाका पैसे घेऊन सोडतो, चौकी नोंद करून सोडते, कठडा कोणाला अडवत नाही, तो पडणाऱ्याला धरतो. गर्दीला लांब ठेवण्यासाठीच उभं केलेलं साधन यांत एकच, आणि नेमकं त्याचंच नाव बाहेरून आलेलं आहे. मराठीत याला शब्द नव्हता असं मात्र नाही. होते, आणि भरपूर होते. पण ते गुरांसाठी, शत्रूसाठी आणि फुकट्या प्रेक्षकांसाठी होते.

गुरांपासून सुरुवात करू. कन्नड-सिल्लोडच्या शिवारात पिकाभोवती बोराटीच्या किंवा बाभळीच्या काट्या लावायच्या, त्याला कुपाटी म्हणायचं. कोकणात हेच काम दगडाचा गडगा करतो किंवा झाडाझुडपांची वई. घाटावर बांध असतो, पण तो गुरांपेक्षा भावकीला अडवायला जास्त उपयोगी पडतो. या सगळ्या साधनांमागे एक गृहीत आहे: पलीकडच्याला वाचता येत नाही आणि सांगून कळत नाही, तेव्हा टोचलं पाहिजे. मार्च २०२०मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी शिवेवर बाभळीची झुडपं तोडून टाकली आणि रस्ते बंद केले. शहरातून परत येणारा गावचाच माणूस कुपाटीच्या पलीकडे उभा राहिला. गर्दी अडवायला सरकारी सामान यायच्या आत गावानं जे हाताशी होतं ते वापरलं, आणि हाताशी गुरांचं कुंपण होतं.

शत्रूसाठीची शब्दसंपत्ती याहून श्रीमंत. कन्नडहून संभाजीनगरला निघालं की वेरूळ, खुलताबाद आणि मग दौलताबाद लागतं. हा किल्ला म्हणजे मोठ्या जमावाला कसं फोडायचं याचं दगडातलं शास्त्र आहे. अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे एकात एक तट. मग पाण्याचा खंदक. मग अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातला काळोखा, वळणावळणाचा मार्ग. दरवाजांना हत्तीनं धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे. पण मला त्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते ती वळणं. एका दरवाजातून आत आलेला जमाव सरळ दुसऱ्या दरवाजावर जाऊन आदळत नाही. त्याला चौकात वळावं लागतं, आणि वळताना वेग मरतो. मागून हजार माणसं रेटत असली तरी तो रेटा पुढच्या दरवाजापर्यंत पोचत नाही, तो भिंतीवर जिरतो. ही युक्ती लक्षात ठेवा, ती आपल्याला पुढे एका देवस्थानात भेटणार आहे.

किल्ल्याच्या आणि वाड्याच्या मोठ्या दरवाजाला आणखी एक सोय असे: दिंडी दरवाजा. मोठ्या फळीतच कापलेली एका माणसापुरती छोटी झडप. सांज झाली, मोठा दरवाजा लावून आतून अडसर घातला, की ये-जा या दिंडीतून. मान वाकवून, पाय उचलून, एका वेळी एकच. आज मेट्रोच्या स्टेशनात फिरते दांडे जे काम करतात ते काम ही दिंडी करायची, शिवाय येणाऱ्याचं डोकं आधी आत यायचं, ही पहारेकऱ्याची अधिकची सोय. उलट ज्या कमानींतून सैन्य आणि हत्ती जायचे त्या आज वाहनांना पुरत नाहीत. दौलताबादच्या बाहेरच्या तटातल्या दरवाजातून जाणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी जी कोंडी होते ती पाहिली की वाटतं, तटबंदी अजून आपलं काम करते आहे.

राहिले फुकटे. त्यांच्यासाठी कनात. जत्रेतल्या तमाशाच्या तंबूला बाजूनं लावायची ही कापडी भिंत. ती कोणाला थोपवू शकत नाही, पोरं खालून सरपटत आत जातातच. ती फक्त दिसू देत नाही. आणि तमाशाच्या धंद्यात तेवढं पुरतं.

आता बॅरिकेड. हा शब्द जिथून निघाला तिथे त्याचा अर्थ आजच्या बरोबर उलटा होता. १२ मे १५८८ रोजी पॅरिसच्या लोकांनी राजा तिसरा हेन्री याच्या सैन्याला अडवण्यासाठी गल्ल्यांच्या तोंडाशी पिंपं लोटून आणली आणि त्यांत माती-दगड भरले. फ्रेंचमध्ये पिंपाला बारीक म्हणतात, त्यावरून बारिकाद. राजाला शहर सोडून पळावं लागलं. पुढची तीनशे वर्षं पॅरिसमध्ये बारिकाद म्हणजे जनतेनं सरकारविरुद्ध उभारलेली आड. आपल्याकडे इंग्रजीतून हा शब्द आला आणि पोलिसांच्या हाती गेला. आज मराठी वर्तमानपत्रांत कधी ‘बॅरिकेड्स’ असतं, कधी ‘लोखंडी कठडे’. कठडे हा शब्द कानाला बरा, पण मला तो पटत नाही. विहिरीचा, पुलाचा, घाटाचा कठडा आपल्या बाजूचा असतो, त्यावर रेलता येतं. रस्त्यात आडव्या आलेल्या लोखंडाला कठडा म्हणणं म्हणजे त्याला नको तितकं सौजन्य बहाल करणं.

इतर देशांत याच लोखंडी जाळीला काय म्हणतात ते पाहण्यासारखं आहे. बेल्जियममध्ये म्हणतात नादार. नादार हे एका छायाचित्रकाराचं टोपणनाव, १९व्या शतकातल्या पॅरिसचा हा फार गाजलेला माणूस. फोटोच्या जोडीला त्याला हवेत उडायचं वेड होतं. त्यानं ‘ल जेआं’, म्हणजे राक्षस, नावाचा अजस्र बलून बांधला. खाली दोन मजली वेताची पेटी, वर सुमारे सहा हजार घनमीटर वायू. २६ सप्टेंबर १८६४ला तो ब्रसेल्समधून उडणार होता. बलून फुगवायला तास न् तास लागतात, वायू पेट घेणारा, आणि बघ्यांची झुंबड. लोक बलूनला चिकटू नयेत म्हणून भोवती हलवता येतील अशी कुंपणं मांडली गेली. बलून गेला, कुंपणाला नाव राहिलं. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याच जाळीला व्होबाँचं नाव आहे. व्होबाँ हा चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनिअर, म्हणजे तिथेही गाडी शेवटी किल्ल्यावरच येते. जर्मन पोलिसांच्या जड जाळीला हांबुर्ग शहराचं नाव. अमेरिकेत बोलीभाषेत सायकल स्टँड, कारण दिसतं तसंच. पण माझ्या मते सगळ्यांत नेमका शब्द डच लोकांचा: द्रांगहेक. द्रांग म्हणजे रेटा, हेक म्हणजे कुंपण. गर्दी अडवायची म्हणजे माणसं नव्हे, रेटा अडवायचा, हे त्या एका शब्दात आलं.

आपल्याकडे रेटा अडवायचं जुनं सामान म्हणजे बांबू. जत्रेच्या आदल्या दिवशी मंडपवाल्याची माणसं पहारीनं हातभर खोल खड्डे घेतात, उभे वासे रोवतात, दगड ठोकून ते घट्ट करतात. मग आडवे बांबू, एक गुडघ्याच्या उंचीला, एक छातीच्या. गाठ काथ्याची किंवा सुतळीची, आणि ती मारायची आतल्या बाजूनं, म्हणजे रांगेतल्या पोरांचे हात तिच्याशी खेळत बसत नाहीत. बांबूचा एक गुण लोखंडाला नाही. भार वाढला की तो वाकतो आणि मोडण्याआधी करकरतो. कान असलेल्या स्वयंसेवकाला तेवढी सूचना पुरते: “ओ काका, मागं व्हा, बांबूवर रेलू नका.” लोखंडी बॅरिकेड असं काही सांगत नाही. ते दिसायला दणकट, पण जमिनीत रोवलेलं नसतं. दोन पायांवर किंवा चाकांवर उभं असतं. शेजारच्या बॅरिकेडला आकडा अडकवला तरच त्याला बळ. एकटं असलं तर चार जणांनी ढकललं की सरकतं आणि दहा जणांनी ढकललं की आडवं होतं. आडवं झालेलं बॅरिकेड उभ्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या सळयांत पाय अडकतात आणि मागच्याला ते दिसत नाही. शिवाय त्यावर बहुधा सराफाची किंवा शिकवणी वर्गाची जाहिरात असते. गर्दी थोपवणाऱ्या वस्तूवर गर्दी खेचणारा मजकूर लिहायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यायला हवी.

आता रेट्याचं थोडं गणित. जॉन फ्रुइन या अमेरिकन इंजिनिअरनं १९७१मध्ये पादचाऱ्यांच्या हालचालीवर पुस्तक लिहिलं आणि गर्दी मोजायची सवय जगाला लावली. माप सोपं: एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण सव्वातीन फूट बाजूच्या चौकोनात, माणसं किती. मराठीनं हे माप आकड्यांशिवाय कधीच करून ठेवलं आहे. दोन-तीन माणसं असली की आपण म्हणतो गर्दी आहे. हवं तिकडे जाता येतं, थोडं थांबून. चार झाली की खेटाखेटी, खांद्याला खांदा लागतो. पाचच्या पुढे ढकलाढकली आणि रेटारेटी, म्हणजे आपण चालत नाही, चालवले जातो. जाणकार याच आकड्यापाशी धोक्याची रेघ ओढतात. सातच्या आसपास माणसांचा जमाव पाण्यासारखा वागू लागतो, त्यात लाटा उठतात, पाय जमिनीवरून सुटतात, आणि कोणाच्याच हातात काही राहत नाही. याला आपला शब्द चेंगराचेंगरी. आकड्यांशी घातलेली ही जोड माझी आहे, पण शब्दांची चढण भाषेतच आहे, आणि जत्रेत वाढलेल्या कोणालाही ती पाठ असते.

हिंदी बातमीदार अशा अपघाताला भगदड म्हणतात, म्हणजे पळापळ. चित्र उभं राहतं ते असं की लोक घाबरले, पळाले, एकमेकांना तुडवलं. चूक लोकांची. प्रत्यक्षात अशा अपघातांत बहुतेक जण तुडवून मरत नाहीत. ते उभ्या उभ्या गुदमरतात. छातीवर चारी बाजूंनी दाब आला की श्वास आत घेता येत नाही. फ्रुइननं नोंदवलं आहे की अशा प्रसंगांनंतर वाकलेले लोखंडी कठडे पाहता तिथे साडेचारशे किलो वजनाइतका किंवा त्याहून जास्त दाब आला असला पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, म्हणजे आजच्या प्रभादेवीला, २३ माणसं गेली. पाऊस होता म्हणून लोक जिन्यावर थांबून होते, आणि मागून लोकल रिकाम्या होत होत्या. पळायला तिथे जागाच नव्हती. चेंगराचेंगरी हा शब्द या घटनेचं खरं वर्णन करतो आणि दोषही बरोबर ठिकाणी, जागेवर आणि दाबावर, ठेवतो.

मग प्रश्न येतो की आड कुठे घालायची. प्रवाहाच्या लांबीनं घातली तर ती वाट होते. रुंदीनं घातली तर बांध होतो, आणि बांधामागे साठत जाणारं कोणी मोजत नसेल तर काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

२३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, बायकामुलांसह. पोलिसांनी तो आड लावून थोपवला. निवेदन घ्यायला कोणीतरी येईल म्हणून लोक तासन् तास बसून राहिले. संध्याकाळी पुढे हालचाल झाली, मागचे उठले, लाठीमार झाला, आणि ११४ जीव गेले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही त्यांचं नाव आहे. त्या दिवशीच्या बॅरिकेडनं विधानभवन सुरक्षित ठेवलं यात शंका नाही. मोर्चातल्या माणसाला मागं जायला वाट ठेवली होती का, हा प्रश्न मात्र बॅरिकेड लावताना विचारायचा असतो, नंतर चौकशी आयोगापुढे नव्हे.

२७ ऑगस्ट २००३, नाशिकचा कुंभमेळा. साधूंचं स्नान आधी व्हावं म्हणून भाविकांना रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकाच्या भागात, अडवून धरलं होतं. उतार, दोन्हीकडे घरं, पुढे आड, मागे वाढती गर्दी. ३९ भाविक मेले. त्यानंतर दीड वर्षात, २५ जानेवारी २००५ला, वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर २९०हून अधिक. तिथे कोणी बॅरिकेड लावलं नव्हतं. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना थाटलेली दुकानं हीच आड होती, आणि नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या.

इंग्लंडमधली गोष्ट याच जातीची. फुटबॉलच्या हुल्लडबाजांनी मैदानात घुसू नये म्हणून प्रेक्षकांच्या सज्जापुढे उंच लोखंडी कुंपणं घातली होती. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात त्याच कुंपणाशी दाबून माणसं गुदमरली. मृतांचा आकडा अखेर ९७वर गेला. पलीकडे हिरवंगार मैदान मोकळं होतं, मध्ये जाळी. लॉर्ड टेलर यांच्या चौकशीनंतर तिथल्या मोठ्या मैदानांवरची ती कुंपणं काढून टाकली. आज प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात कमरेएवढी भिंत असते आणि तिच्यापुढे पाठ करून बसलेले चार कर्मचारी. एवढ्यात भागतं.

नाशिकनं २०१५च्या कुंभात धडा घेतला, जरा जास्तच घेतला. जाण्याचे आणि परतीचे मार्ग वेगळे केले, वाहनं शहराबाहेर थांबवली, आणि पहिल्या पर्वणीला इतकी बॅरिकेडं लावली की नाशिककरांनाच आपल्या घरी पोचायची पंचाईत झाली. भाविक अपेक्षेहून कमी आले, व्यापारी चिडले, ‘बॅरिकेडिंगचा अतिरेक’ हा शब्दप्रयोग तेव्हा वर्तमानपत्रांत रूढ झाला. पुढच्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला आणि गर्दी आली. चेंगराचेंगरी झाली नाही. अतिरेकाची थट्टा करणं सोपं आहे. २००३ आठवणारा पोलीस अधिकारी कुठल्या बाजूला चूक करेल हे उघड आहे.

या सगळ्या लोखंडाच्या शेजारी मराठीत एक मऊ शब्द नांदतो आहे: बारी. पंढरपुरात रांग म्हणत नाहीत, दर्शनबारी म्हणतात. “माऊली, बारीला लागा.” बारी म्हणजे पाळी, आपला नंबर. पण बारी म्हणजे डोंगरातली खिंडही. बागलाणातल्या सेलबारी-डोलबारी या डोंगररांगांच्या नावांत ती आहे, आणि कळसूबाईच्या पायथ्याचं गाव तर नुसतंच बारी. खिंडीतून एका वेळी थोडेच जातात, म्हणून पाळी लावावी लागते; दोन्ही अर्थ एकमेकांना धरून आहेत. इथे अडवणूक आहेच, बॅरिकेडइतकीच कडक. फरक इतकाच की बारीत उभ्या असलेल्याला माहीत असतं की वाट पुढे उघडी आहे आणि आपण पोचणार आहोत. ज्याला हे माहीत असतं तो ढकलत नाही. आषाढीला ही बारी मंदिरापासून निघून गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडपर्यंत आणि त्याही पुढे जाते, लोक तास न् तास उभे असतात, चहा येतो, अभंग होतात. तिथे लोखंडी नळ्या आहेत, जाळ्या आहेत, पण त्या लांबीनं लावलेल्या आहेत.

शिर्डीत याच कल्पनेची इमारत झाली. २६ ऑक्टोबर २०२३ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या दर्शनरांग संकुलात दहा हजारांहून अधिक भाविक बसून थांबतील अशी दालनं आहेत. रांग दालनादालनांतून, वळणं घेत पुढे सरकते. नागमोडी रांगेमागचं शास्त्र दौलताबादच्या चौकांतलंच आहे: प्रत्येक वळणावर मागचा रेटा तुटतो आणि समाधीपाशी पोचेपर्यंत तो माणसाच्या चालीइतका उरतो. किल्ल्यानं शत्रूला दमवायला जे केलं ते संस्थान भाविकाला सांभाळायला करतं.

आणखी एक रीत अंतराची. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटला थांबवतात आणि तिथून चारेक किलोमीटर एसटीच्या बसनं नेतात. लेण्यांसमोर कोणी दंडुका घेऊन उभं नसतं. बस जितकी माणसं आणते तितकीच माणसं वर येतात. बॅरिकेड आहे, पण त्याचं नाव वेळापत्रक आहे.

कन्नडहून तीसेक किलोमीटरवर हे सगळे प्रकार एकत्र येतात. खुलताबादला भद्रा मारुती, म्हणजे निजलेला मारुती. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगर, कन्नड, फुलंब्रीकडून लोक पायी निघतात. त्या रात्री मुख्य रस्ता वाहनांना बंद असतो, कन्नडकडची मोठी वाहनं कसाबखेडा फाट्यावरून वळवतात, म्हणजे पहिली आड गर्दीपासून कित्येक किलोमीटर लांब, गाड्यांना घातलेली. पुढे रस्ताभर फक्त चालणारी माणसं, कडेला चहा-फराळाचे मांडव, मंदिराजवळ आल्यावर बांबू, आणि अगदी आत रेलिंग. त्याच गावात जर जरी जर बक्ष यांचा उरूस भरतो तेव्हा पाळणे, मिठाई आणि झुंबड यांच्यामध्ये तसलेच बांबू उभे राहतात. शेजारच्या वेरूळात घृष्णेश्वराला श्रावणी सोमवारी तीच तऱ्हा.

लोखंड, बांबू, वेळापत्रक यांच्याशिवायही गर्दी थांबवता येते, हे वारीत दिसतं. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीला दिंड्या जमतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर करतो आणि सगळे टाळ थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, काय झालं ते ऐकून घेतो, निवाडा करतो, मग आरती. म्हणजे थांबायचा हुकूम आहे आणि तो न मानायची रीतसर जागाही आहे. गोल रिंगणात घोडा धावतो तेव्हा पताकावाले, तुळसवाल्या आणि टाळकरी स्वतःच आतलं कडं धरतात. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत हे काम दोर धरणाऱ्या पोरांकडे असतं. वादकांकडे सगळे बघतात, पण पथक पुढे किती सरकेल हे दोर धरणारा ठरवतो, आणि रात्री तळहात सोलून निघतात ते त्याचेच.

उलट टोकाला कागदावरची आड आहे. जमावबंदी. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र यायचं नाही, असा आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७खाली तो नेहमी निघतो. लोकांच्या तोंडी असलेलं १४४ कलम १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं, पण चौकात अजून कोणी १६३ म्हणत नाही. या आडीला खांब नाहीत. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत उभी राहते आणि बहुतेकांना ती ओलांडली तरी पत्ता लागत नाही.

आणि पॅरिसची पिंपं? तीही आपल्याकडे आहेत, फक्त आपण त्यांना बॅरिकेड म्हणत नाही. रास्ता रोको म्हणतो. कांद्याचे भाव पडले, पाण्याचं आवर्तन सुटलं नाही, की महामार्गावर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि माणसं आडवी बसतात. तिथे आड लावतात लोक आणि ती काढायला येतात पोलीस. २०२३च्या ऑक्टोबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या अनेक गावांनी वेशीवर फलक लावले: पुढाऱ्यांना गावबंदी. एरवी पुढाऱ्याच्या सभेत मंचासमोर ‘डी’ नावाची मोकळी जागा असते, तिच्या कडेनं बांबू आणि पोलीस, आणि त्यापलीकडे गाव. या वेळी दोन खांबांमध्ये बांधलेलं एक फ्लेक्स पुरलं. त्याला ना काटे होते ना आकडे, आणि कित्येक गाड्या ते वाचून वळल्या.